जबडे मोजणारा विद्यार्थी

योझेफ मेंगेले म्हटलं की आउशविट्झचा फलाट आठवतो. गाडीतून उतरलेल्यांपैकी कोण मजुरीला आणि कोण थेट विषारी वायूच्या कोठडीत, हे हाताच्या इशाऱ्यानं ठरवणारा डॉक्टर. त्याचं बालपण धुंडाळायला जावं तर भयंकर असं काहीच हाती लागत नाही, आणि थक्क व्हायला होतं ते त्यामुळेच.

जन्म १६ मार्च १९११चा, बव्हेरियात डॅन्यूबकाठच्या ग्युन्त्सबुर्ग गावी. वडिलांचा शेतीच्या यंत्रांचा कारखाना, घर खाऊनपिऊन सुखी, कॅथलिक. तीन भावांत हा थोरला. लाडाचं नाव बेप्पो. १९३० साली शाळा संपवून स्वारी म्युनिकला गेली.

तिथे त्यानं वैद्यकाच्या जोडीला मानववंशशास्त्र घेतलं. शिक्षण चालू असतानाच, १९३३मध्ये, हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचा कायदाही. मेंगेलेची पहिली डॉक्टरेट १९३५ची, वैद्यकातली नव्हेच! खालच्या जबड्याच्या पुढच्या भागावरून माणसाचा वंश ओळखता येतो, असा तिचा निष्कर्ष. दुसरी १९३८ची, फ्रँकफुर्टची: दुभंगलेले ओठ आणि टाळू घराण्यात कसे उतरतात.

फ्रँकफुर्टला त्याला गुरू भेटला तो ओटमार फॉन फेर्शुअर, जुळ्यांचा अभ्यासक. एकबीज जुळ्यांचा आनुवंशिक ऐवज जवळपास एकच असतो. म्हणून त्यांच्यात फरक दिसला तर तो बहुधा परिस्थितीनं घडवलेला. या तर्कात खोट नाही, आजही संशोधक तो वापरतात. पण घरोघरी हिंडून, आईबापांना पटवून जुळी मिळवायची म्हणजे वेळखाऊ काम. मे १९४३मध्ये मेंगेले आउशविट्झला पोचला आणि तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती. बंदिवानांच्या रक्ताचे नमुने, मृतांचे डोळेसुद्धा बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेकडे रवाना होत. संचालक होता फेर्शुअर.

या संस्थेचं नाव मराठी वाचकानं ऐकलेलं असण्याचा संभव आहे. इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी गेल्या त्या इथेच, १९२०च्या दशकाच्या अखेरीस. मार्गदर्शक ऑइगेन फिशर; फेर्शुअर तेव्हा तिथला विभागप्रमुख. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, असा फिशरचा होरा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, हे गुरूच्या मताविरुद्ध प्रबंधात लिहिलं. मोजपट्टी मेंगेलेच्याही हातात होती. त्यानं मात्र गुरूंना हवं तेच शोधून दाखवलं, असं माझं मत.

युद्धानंतर विद्यापीठांनी मेंगेलेच्या दोन्ही पदव्या काढून घेतल्या. फेर्शुअर १९५१ साली म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचा प्राध्यापक झाला. त्याच्यावर कधी खटला चालला नाही.