चट्टा, कावीळ आणि लाल लघवी

उरणपासून तळकोकणापर्यंत कावीळ म्हटलं की लोकांना आधी माळ आठवते. डोळे पिवळे झाले की गळ्यात माळ घालायची, तेलकट बंद करायचं, आणि पंधरा-वीस दिवसांत माणूस उठून कामाला लागतो. तो उठतो हे खरं आहे, कारण दूषित पाण्यातून होणारी 'ए' प्रकारची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत आपोआपच बरी होते. श्रेय मात्र माळेला जातं. 'बी'चं, म्हणजे हिपॅटायटिस बीचं, तसं नाही. हा विषाणू वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम करू शकतो आणि अशा बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये भारतात जवळपास 2 कोटी 98 लाख लोकांच्या शरीरात तो होता. अशा माणसाला कुष्ठरोगही असेल, तर काय खरं आणि काय खोटं हे नीट कळलेलं बरं. चुकीची समजूत इथे हात-पाय किंवा यकृत गमावायला लावू शकते.

'महारोग आणि कावीळ दोन्ही आहेत, त्याच्या ताटात जेवू नका,' असं अजूनही ऐकू येतं. ते चूक आहे. ताटातून यातला एकही आजार पसरत नाही. कुष्ठरोगाचा जंतू मुख्यतः नाका-तोंडातून, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात पसरतो. बहुतांश माणसांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद मुळातच असते, आणि औषध सुरू झालं की रुग्णाकडून संसर्ग लवकरच थांबतो. हिपॅटायटिस बी पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. म्हणजे भीती ताटाची नाही, वस्तऱ्याची आणि सुईची आहे. उरणजवळच्या करंजाच्या धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला काटा रुतला किंवा विळीची धार लागली, तरी कळत नाही. तळपायाची जखम महिनोन्महिने वाहते. तिची मलमपट्टी करणाऱ्याने हातमोजे घालावेत ते रक्तासाठी. रुग्णाला शिवायचं नाही म्हणून नव्हे.

या दोन आजारांचा संबंध वैद्यकाच्या इतिहासात एका वेगळ्याच वाटेने आला. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं. 1967 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की कुष्ठरोगाच्या तीव्र, जंतूंनी भरलेल्या प्रकारात ते जास्त आढळतं. तेव्हा त्यांना ते आनुवंशिक वाटत होतं. पुढे कळलं, की ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचंच कवच आहे. या शोधाच्या वाटचालीसाठी त्यांना 1976 मध्ये नोबेल मिळालं. कुष्ठरुग्णांत बी किती आढळतो, याच्या त्यानंतरच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत: कुठे प्रमाण जास्त, कुठे इतरांइतकंच. माझं मत असं, की 'कुष्ठरोगामुळे बी होतो' म्हणण्यापेक्षा रुग्णांना कसं ठेवलं गेलं ते आधी पाहावं. मुंबईतल्या वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय 1890 मध्ये निराधार कुष्ठरुग्णांचं आश्रयस्थान म्हणून सुरू झालं. अशा वसाहती जगभर होत्या. एकाच छपराखाली वर्षानुवर्षे राहणारी माणसं, सामाईक वस्तरा आणि पुन्हा पुन्हा वापरायच्या काचेच्या सिरिंज एवढं रक्तातल्या विषाणूला पुरेसं असतं.

आता लाल लघवीविषयी. कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधोपचाराच्या (एमडीटीच्या) पाकिटातली महिन्याची रिफाम्पिसिनची मात्रा घेतली की लघवी नारिंगी-लाल होते. घरचे घाबरतात: 'गोळ्यांनी यकृत गेलं!' आणि पाकीट कपाटात पडतं. हा रंग औषधाचा असतो आणि दिवस-दीड दिवसात जातो. त्याच पाकिटातल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, तीही कावीळ नव्हे. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होणं, अन्नावरची वासना उडणं, मळमळ आणि रोजच गडद लघवी ही खरी धोक्याची चिन्हं आहेत. रिफाम्पिसिन आणि डॅप्सोन यकृताला त्रास देऊ शकतात, हेही लपवून चालणार नाही. पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ आणि पिवळेपणा एकत्र दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कोणतं औषध थांबवायचं आणि उरलेला उपचार कसा चालू ठेवायचा, ते डॉक्टर ठरवतील. नुसता 'बी' आहे म्हणून कुष्ठरोगाचा सहा किंवा बारा महिन्यांचा उपचार नाकारायचा नसतो. यकृताच्या तपासण्या करत तो पूर्ण करता येतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष मात्र कुष्ठरोगातल्या रिॲक्शनकडे होतं. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नस ठणकते, हाताची पकड जाते. लोकांना वाटतं, औषध बाधलं. खरं तर शरीराची प्रतिकारशक्तीच मेलेल्या-जिवंत जंतूंवर तुटून पडलेली असते. नस वाचवायला प्रेडनिसोलोन लागतं, तेही कित्येक आठवडे. पण हेच स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला आवर घालतं, आणि यकृतात दबून बसलेला बी विषाणू त्या मोकळिकीत वाढतो. मात्रा उतरू लागली की शरीर त्याच्यावर उलटतं आणि यकृत होरपळतं. म्हणून स्टेरॉइडच्या आधी एचबीएसएजी ही 'बी'साठीची रक्ताची तपासणी व्हायलाच हवी. बोटातल्या थेंबावर होणारी जलद चाचणी अर्ध्या तासात सांगते. 'बी' आढळला तर सोबत टेनोफोव्हिरसारखं विषाणूविरोधी औषध देता येतं. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसविषयीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. हे कुणी आपणहून सांगितलं नाही, तर रुग्णाने विचारावं. विचारण्यात भांडण नाही.

कुष्ठरुग्णाला बीची लस चालत नाही, हाही गैरसमजच. लसीत जिवंत विषाणू नसतो. मात्र आधीच लागण झालेल्याला तिचा उपयोग होत नाही, म्हणून आधी तपासणी, मग तीन मात्रा. बाळाची पहिली मात्रा जन्मापासून 24 तासांच्या आत हवी, कारण जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत विषाणू कायमचा राहू शकतो.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी दोन वेगळ्या कारणांनी होते. 'बी'साठी रक्त तपासतात, म्हणजे लागण नसलेल्यांना लस देता येते. कुष्ठरोगासाठी अंगावरचे चट्टे पाहतात आणि निरोगी असतील त्यांना रिफाम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा देतात. ज्याला यकृताचा आजार आहे, त्याला ही मात्रा देत नाहीत. म्हणून गोळी घेऊन दारात आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला, घरात कुणाला कावीळ किंवा 'बी' आहे का, ते आधी सांगायचं.