चुना, लाकूड आणि काळा दगड : इंदूरमधील एक दिवस

इंदूर पाहण्यासाठी एकच दिवस हाताशी असलेल्या प्रवाशाने आरंभ शहराच्या पश्चिम भागातील बडा गणपतीपासून करावा, कारण माळव्यातील वास्तू कशाने घडल्या हा प्रश्न येथे मूर्तीसमोरच उभा राहतो. पंडित नारायण दाधीच यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली ही मूर्ती मुकुटापासून पायापर्यंत सुमारे २५ फूट उंच असून ती पाषाणातून कोरलेली नाही. वीट, चुना, गूळ आणि मेथी यांच्या साहाय्याने ती थरावर थर देत रचलेली आहे. अयोध्या, मथुरा, काशी, द्वारका आदी सात मोक्षदायिनी नगरींची, म्हणजे सप्तपुरींची माती आणि तीर्थांचे जल तिच्यात मिसळल्याचे मंदिराची परंपरा सांगते.

गूळ व मेथी यांचा उपयोग केवळ श्रद्धेपोटी झाला असे समजणे मात्र त्या कारागिरांवर अन्याय करणारे ठरेल. विझवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो; भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा आणि गुळाचे पाणी यांमुळे मिश्रण चिकट राहते व गवंड्याला हात फिरवण्यास अवधी मिळतो, म्हणूनच आपल्याकडील जुन्या बांधकामांत हे पदार्थ आढळतात. मूर्तीला वर्षातून चार वेळा चोला चढवतात, म्हणजे शेंदूर व तूप यांचा लेप देतात. एवढ्या उंच मूर्तीवर तो चढवण्याचे काम कित्येक दिवस चालते.

तेथून मल्हारगंजमार्गे पूर्वेकडे गेल्यावर राजवाडा लागतो. या सातमजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, आणि तिच्या इतिहासातील बहुतेक दुःख या लाकडातच साठलेले आहे: १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले तेव्हा वाडा जळाला, तर १९८४ च्या दंगलीतील आगीत मागील भाग भस्मसात झाला. पुढे उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने तो जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधण्यात आला, ही मराठी माणसाने कृतज्ञतेने नोंद घ्यावी अशी घटना आहे. जवळच कान्ह नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, अर्थात होळकर घराण्यातील दिवंगतांची स्मारके आहेत. त्यांच्या दगडी कोरीव कामासाठी थोडी सवड काढावी.

दुपारनंतर महूजवळील पाताळपाणी गाठावे. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला माळव्याचा काळा दगड, म्हणजे सह्याद्रीतही आढळणारा बेसॉल्ट, येथे एकाएकी तुटतो आणि पठाराच्या कडेवरून चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली झेपावते. उन्हाळ्यात ही धार जवळजवळ आटते, त्यामुळे खरा काळ पावसाळा व त्यानंतरचे काही आठवडे. परंतु धबधब्याजवळ आकाश निरभ्र असतानाही वरच्या बाजूस पडलेल्या पावसाचे पाणी अचानक लोंढ्याने येते, आणि जुलै २०११ मध्ये अशाच लोंढ्यात प्रवाहातील खडकावर उभे असलेले पर्यटक वाहून गेले, म्हणून हा धबधबा कठड्याआडूनच पाहावा.