पेकहॅमची काचेची इमारत

१९२६ साली दक्षिण लंडनमधल्या पेकहॅम वस्तीत जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पिअर्स या दोन डॉक्टरांनी एक चमत्कारिक दुकान थाटलं. जागा म्हणजे एक लहानसं घर. आजाऱ्यांना तिथे बोलावणं नव्हतं; बोलावणं होतं धडधाकट माणसांना, तेही अख्ख्या कुटुंबासकट. वर्गणी भरा आणि दुखत-खुपत नसतानाच तपासून घ्या! दोघांना रोगाचं नाही, आरोग्याचं कुतूहल होतं. पेकहॅममध्ये कारागीर, कारकून, छोटे दुकानदार राहत. उपासमार नाही, चैनही नाही. निरोगी माणूस सापडायचा तर इथेच सापडेल, असा हिशेब.

तो सापडेना. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत आलेल्यांनाच काही ना काही झालेलं असे. लोह कमी पडल्याने येणारा थकवा कित्येक बायका संसाराचा भाग समजून वर्षानुवर्षं अंगावर काढत होत्या. बरं, उपचार केले, माणसं सुधारली. मग ती त्याच खोल्यांत, त्याच एकटेपणात परत गेली आणि थोड्याच काळात पुन्हा पहिल्यासारखी झाली.

१९२९ मध्ये डॉक्टरांनी आपलं केंद्र स्वतःच बंद केलं. मला या कथेतला सर्वांत धाडसी क्षण हाच वाटतो. तपासणी चोख होती, माणसंही येत होती. पण शरीर दुरुस्त करून ते वापरायला जागाच नसेल तर दुरुस्ती टिकत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. आता हवी होती एक इमारत. तिच्यासाठी पैसे जमवण्यात पुढची काही वर्षं गेली.

इमारत उभारली ओवेन विल्यम्स यांनी. ते मुळात इंजिनिअर. बीस्टनचा बूट्स कंपनीचा औषध कारखाना त्यांचाच. १९३५ मध्ये सेंट मेरीज रोडवर काँक्रीटच्या खांबांवर काच तोलून धरणारी तीन मजली वास्तू उघडली. भार खांबांवर असल्यामुळे आतल्या भिंतीही काचेच्या करता आल्या. मधोमध पोहण्याचा तलाव आणि त्याच्याकडे तोंड करून उपाहारगृह. चहा पिता पिता शेजारीण पोहताना दिसे. जमिनीवर कॉर्क, म्हणजे अनवाणी हिंडता यावं. कुटुंबाला आठवड्याची वर्गणी एक शिलिंग. मात्र घर चालत येण्याच्या अंतरात, साधारण मैलभराच्या आत हवं.

आणि मग नुसता गोंधळ! मुलं किंचाळत जिने तुडवत, साहित्याची मोडतोड करत. शिस्त लावा, शिक्षक नेमा, असा आग्रह होऊ लागला. स्कॉट विल्यमसन हटले नाहीत. शिक्षक नाही, वेळापत्रक नाही, स्पर्धा नाही. व्यायामाचं आणि खेळाचं साहित्य मुलांच्या हाताशी राहील एवढंच पाहायचं. हे सांभाळणाऱ्या लूसी क्रॉकर यांनी चिठ्ठ्यांची एक पद्धत बसवली. मूल चिठ्ठी दाखवून हवं ते साहित्य घेई, आणि कोण काय करतंय याची नोंदही आपोआप होई. पोरांवर नजर ठेवण्याचा याहून सभ्य मार्ग मला तरी माहीत नाही.

वर्षाच्या आत गोंधळ ओसरला. व्यायामशाळेत मुलं झोके घेत, उड्या मारत, एकमेकांना न धडकता. कोणी सूचना देत नसताना. डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की माणूस सल्ल्याने क्वचितच हलतो. आपल्यासारखाच कोणी, आपल्याइतकाच बेताचा, पाण्यात उतरलेला दिसला की मात्र हलतो. निष्णात खेळाडू पाहून नवखा उलट मागे सरतो. काच केवळ उजेडासाठी नव्हती, उपचार तीच करत होती. रोगासारखी निरोगी सवयही सहवासाने पसरते, असं दोघे सांगू लागले.

तपासणी चालूच होती. तिचा निकाल कुटुंबासमोर बसून सांगायचा, पण ‘असं करा’ म्हणायचं नाही, निर्णय त्यांचा. आकडे मात्र सुन्न करणारे होते: ज्यांच्यात काहीच दोष नाही अशी माणसं दहात जेमतेम एक. शहराबाहेर शेत घेऊन केंद्राने कुटुंबांना ताजं दूध आणि भाजीपाला पुरवायला सुरुवात केली, ती यातूनच.

या प्रयोगाविषयी शंका घेता येते. वर्गणी भरून येणारी कुटुंबं मुळातच उत्साही असणार, आणि तुलनेसाठी दुसरी वस्ती तपासलेली नव्हती. पण १९३९ मध्ये युद्धाने दारं बंद केल्यावर ती उघडावीत म्हणून सदस्य कुटुंबांनीच जोर लावला, आणि १९४६ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झालं.

चार वर्षांनी पैसा संपला. १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आली होती, पण तिच्या चौकटीत हे केंद्र बसेना. ते उपचार करत नव्हतं, सेवा फुकट देत नव्हतं, एका वस्तीपुरतंच होतं आणि कारभार स्वतःच्या हाती ठेवत होतं. १९५० मध्ये ते कायमचं बंद झालं. इमारत आज संरक्षित वारसा आहे, आणि तिच्यात खासगी फ्लॅट आहेत.