पावसात बाइक सुरू होत नाही? आधी प्लग कॅप बघा

रात्रभर पावसात उभी राहिलेली बाइक. सकाळी सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. लगेच कार्ब्युरेटर खोलू नका मंडळी, आधी करंट तपासा!

कॉइलकडून प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीत 10,000 व्होल्टहून जास्त दाब येतो. तिचं किंवा कॅपचं रबर तडकलेलं असेल, तर ओलाव्यामुळे करंट प्लगच्या टोकापर्यंत न पोचता वाटेतच इंजिनच्या बॉडीत उतरतो. ऊन पडलं की तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, म्हणून हा दोष गॅरेजमध्ये हमखास निसटतो.

पकडायची युक्ती भन्नाट आहे. अंधारात कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि वायरीवर नजर ठेवा. गळती असेल तर बारीक निळसर ठिणगी लुकलुकते, टकटक आवाजही येतो. वायरीला हात मात्र अजिबात नको, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोगच नको.

मग चावी बंद करून कॅप ओढून काढा. आतल्या क्लिपवर हिरवट गंज असेल तर कॅप बदलाच, ती फार महाग नसते. नुसता ओलावा असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

प्लगही काढून बघा. पेट्रोलने ओला असेल तर संशय ठिणगीवर, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. सेल्फच मंद फिरत असेल तर बॅटरी मोजा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते.