राजकुमारांची निवासी विद्यालये
ब्रिटिश अमदानीत संस्थानी वारसांसाठी स्थापन झालेली विद्यालये. राजकोट (१८७०) व अजमेर (१८७५) येथील त्यांत प्रमुख होत. अल्पवयीन वारसाने कोठे शिकावे, याबाबत घरच्या वडीलधाऱ्यांपेक्षा पोलिटिकल एजंटाचे मत बहुधा निर्णायक ठरे. अंतःपुर व दरबारी खुशमस्करे यांपासून मूल दूर राहावे, हा उघड हेतू. साम्राज्यनिष्ठा रुजावी, हा अनुच्चारित. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना (१८७४–१९२२) १८८५ मध्ये राजकोटला पाठविण्यात आले. पुढच्याच वर्षी जन्मदाते वडील वारले, तरी तेथील शिक्षण चालू राहिले. नंतर धारवाडला फ्रेझर यांनी त्यांना शिकविले. बडोद्याच्या तिसऱ्या सयाजीरावांना मात्र बाहेर न धाडता, १८७५ पासून इलियट यांच्या देखरेखीखाली राजधानीतच शिकविले गेले. भावी राजाची भाषा व प्रजा त्यामुळे त्याला परकी झाली नाही.