अंगावरून वारे गेल्यावर

सातारा-सांगलीकडे कोणाच्या अंगावरून वारे गेले, किंवा महामार्गावर मोटारसायकलीवरून पडून कोणाच्या मेंदूस मार बसला, की रुग्णास भेटावयास येणारी सोयरीधायरी मंडळी एकच सल्ला देतात: ‘एक भारी इंजेक्शन निघाले आहे, त्याची तजवीज करा, आणि तोवर याला मुळीच हलवू नका.’ हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता तो ऐकून स्वस्थ बसवत नाही. कारण त्यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि एकत्र आली की ती रुग्णाचे पुष्कळ नुकसान करतात.

१९८२ साली डेनिस फीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतील हालचालींच्या केंद्रास इजा केलेल्या उंदरांना अरुंद पट्टीवरून चालावयास लावले असता, इजेनंतर एका दिवसाने ॲम्फेटामाइन या उत्तेजक औषधाची एकच मात्रा दिलेले उंदीर इतरांपेक्षा लवकर सावरले. येथवर वाचून थांबणारास इंजेक्शनाच्या बाजूचा दाखला मिळाल्यासारखे वाटेल. परंतु त्याच प्रयोगात काही उंदरांना तीच मात्रा देऊन लगेच आठ तास हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले होते, आणि त्यांच्या बाबतीत औषधाचा तो लाभ नाहीसा झाला. जखमेपासून दूरचे, स्वतः अक्षत असलेले मेंदूचे भागही इजेनंतर काही काळ मुके होतात. औषध त्यांना जागे करीत असावे, असे फीनींचे अनुमान होते. पण जाग आलेल्या त्या भागांस काम मिळाले नाही, तर जाग येऊन उपयोग काय?

औषधे उलटही वागतात, हे तर कोणी सांगतच नाही. त्याच प्रयोगात हॅलोपेरिडॉलच्या एका मात्रेने उंदरांची सुधारणा मंदावली. टिमोथी शॅलर्ट यांच्या उंदरांत डायझेपामने ती दीर्घकाळ खोळंबली. ही दोन्ही औषधे आपल्याकडे बेचैन रुग्णास शांत करण्याकरिता सर्रास वापरली जातात. ती परस्पर बंद करू नयेत. पण ‘झोपेचे काहीतरी द्या’ असा हट्ट नातेवाइकांनी धरण्यापूर्वी ते किती दिवस द्यावयाचे, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे.

उंदरास मानवलेले औषध माणसास मानवेलच, हाही भ्रमच: ॲम्फेटामाइनचा लाभ रुग्णांवरील पुढच्या चाचण्यांत टिकला नाही, आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील औषधावर आशा होती, तर २०१८ च्या ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत अपंगत्व कमी न होता हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढलेले आढळले. मेलेल्या पेशी परत येत नाहीत म्हणून सुधारणाच अशक्य, हे खोटे. शेजारचे भाग काही कामे उचलतात. आणि पारव्याचे रक्त चोळून लकवा जातो, या समजुतीस कसलाही आधार नाही. मिरजेत वैद्यक शिकून साताऱ्यात दवाखाना चालविलेल्या आणि अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या मुलुखात हे आजही सांगावे लागते, याचे मला मनस्वी दुःख होते.

उरले ‘हलवू नका’. १९९६ साली रँडॉल्फ नूडो यांनी दाखविले, की मेंदूस इजा झालेल्या माकडांकडून दुबळ्या हाताची कसरत करून घेतली, तर मेंदूत त्या हाताकरिता राखलेला अक्षत प्रदेश आणखी घटत नाही. घाई मात्र नको: त्याच वर्षी, इजेनंतर लगेच अधू पायाच्या अतिवापराची सक्ती केलेल्या उंदरांत जखम वाढलेली आढळली, आणि २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच रुग्णांना वारंवार उठविण्याचा परिणाम नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा वाईट निघाला. म्हणून प्रारंभ केव्हा करावयाचा, हे तज्ज्ञांनीच मुक्रर करावे. परंतु या कामास मुदत आहे, हे विसरता येत नाही. २००४ साली डेल कॉर्बेट यांच्या प्रयोगशाळेत पाचव्या दिवसापासून कसरत मिळालेले उंदीर चांगले सावरले, तिसाव्या दिवसापासून मिळालेल्यांना तिचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. आणि आपल्याकडे नेमका तोच पहिला महिना रुग्ण खाटेवर निश्चल पडून असतो, आणि घरची माणसे इंजेक्शनाचे पैसे जमवीत असतात.