लढतीच्या व्हिडिओ गेममधील ‘बॉस’ पात्र व खेळाडूचा निवडीचा अधिकार : ‘स्ट्रीट फायटर २’च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात व्हिडिओ गेम हे करमणुकीचे एक प्रभावी माध्यम म्हणून पुढे आले. त्यातही दोन पात्रांच्या द्वंद्वावर आधारलेल्या ‘लढतीच्या खेळां’नी स्वतंत्र परंपरा निर्माण केली. या खेळांत सर्वांत शेवटी येणाऱ्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास ‘बॉस’ असे म्हणतात. बॉस हे पात्र पडद्यावर दिसते, लढते आणि खेळाडूस हरवते. मात्र खेळाडूस ते स्वतःसाठी निवडता येत नाही. निवडीबाहेर ठेवलेले हे पात्र खेळाडूच्या हाती आले तर खेळाचे स्वरूप कसे बदलते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बॉस पात्राचे प्रयोजन :
जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २ : द वर्ल्ड वॉरियर’ हा खेळ आर्केड यंत्रांसाठी प्रसिद्ध केला. त्यात र्‍यू, केन, होंडा, ब्लांका, गाइल, चुन-ली, झँगीफ व धालसिम ही आठ पात्रे निवडीसाठी उपलब्ध होती. उरलेल्या सात पात्रांना नमविल्यानंतर खेळाडूसमोर अनुक्रमे बॅलरॉग, वेगा, सॅगॅट व एम. बायसन हे चार बॉस येत. (जपानी आवृत्तीत एम. बायसन हे मुष्टियोद्ध्याचे नाव होते. माइक टायसन या प्रत्यक्ष मुष्टियोद्ध्याशी असलेले साम्य अडचणीचे ठरू नये म्हणून परदेशी आवृत्तीत तिघांच्या नावांची अदलाबदल करण्यात आली. येथे परदेशी आवृत्तीतील नावे वापरली आहेत.)

आर्केड यंत्र नाण्यावर चालत असे. खेळाडू हरला की खेळ पुढे चालू ठेवण्यासाठी पुन्हा नाणे टाकावे लागे. त्यामुळे बॉस हा केवळ कथेतील खलनायक नव्हता. यंत्राच्या अर्थव्यवहारातही त्याचे निश्चित स्थान होते. त्याने सहजासहजी हरू नये, हीच त्याच्याकडून अपेक्षा होती. समान संधी देणे हे त्याचे कामच नव्हते.

संगणकाचे पात्र व खेळाडूचे पात्र :
या खेळात सहा बटणे असतात. तीन ठोशांची व तीन लाथांची. विशेष डावासाठी दांडी व बटण यांचा ठरावीक क्रम साधावा लागतो. उदाहरणार्थ, गाइलचा ‘सोनिक बूम’ हा डाव टाकण्यासाठी दांडी काही क्षण मागे धरून मग पुढे ढकलावी लागते. संगणकाच्या हाती असलेल्या गाइलवर हे बंधन नसते. तो पुढे चालता चालताही हाच डाव टाकू शकतो. म्हणजे एकच पात्र दोन वेगळ्या नियमांनी लढते.

बॉसच्या बाबतीत हा भेद अधिक ठळक होतो. पात्र खेळाडूच्या हाती द्यावयाचे झाल्यास त्याच्या प्रत्येक डावासाठी आज्ञाक्रम, निवड-पटावर जागा आणि विजयानंतर दाखवावयाचा शेवट यांची तरतूद करावी लागते. संगणकीय कार्यप्रणालीत प्रत्येक पात्र एका क्रमांकाने ओळखले जाते. स्मृतीतील तो क्रमांक बदलल्यास बॉसचे चित्र खेळाडूच्या बाजूस आणता येते. परंतु वरील तरतुदी नसतील तर ते पात्र अपुरे राहते. यावरून ‘दिसणे’ व ‘खेळण्यायोग्य असणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

बॉस खेळाडूच्या हाती येण्याचे मार्ग :
१) अधिकृत आवृत्ती : १९९२ मधील ‘चॅम्पियन एडिशन’ या आवृत्तीत चारही बॉस निवडीसाठी खुले झाले. दोन्ही खेळाडूंना एकच पात्र घेण्याची सोयही याच आवृत्तीत आली. बायसनच्या ‘सायको क्रशर’साठी आता दांडी मागे धरून पुढे ढकलण्याचा नियम लागू झाला. तरीही या आवृत्तीत बायसन हे अत्यंत प्रबळ पात्र मानले गेले.

२) गुप्त संकेत : १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये अकुमा हा गुप्त बॉस आला. निवड-पटावर र्‍यू, टी. हॉक, गाइल, कॅमी व पुन्हा र्‍यू यांवर थोडा थोडा वेळ थांबून स्टार्ट व ठोशांची तिन्ही बटणे दाबली असता तो निवडता येत असे. तत्पूर्वी १९९२ च्या एप्रिल अंकात एका अमेरिकी नियतकालिकाने ‘शेंग लाँग’ नावाच्या गुप्त योद्ध्याची थट्टेने बातमी दिली होती आणि अनेक खेळाडूंनी ती खरी मानून शोध चालविला होता. निषिद्ध पात्राविषयीचे कुतूहल किती तीव्र होते, हे यावरून दिसून येते.

३) बाह्य साधन : ‘गेम जिनी’ हे उपकरण काडतूस व यंत्र यांच्यामध्ये बसविले जाई आणि काडतुसातून वाचली जाणारी काही मूल्ये तात्पुरती बदलत असे. मूळ काडतुसात कोणताही बदल होत नसे. निन्टेन्डो कंपनीने या उपकरणास आक्षेप घेतला. अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९९२ मध्ये विक्रेत्या गलूब कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. या उपकरणामुळे कोणतीही स्वतंत्र व स्थायी स्वरूपाची साधित कृती तयार होत नाही, असे न्यायालयाने मानले. विकत घेतलेला खेळ आपल्या घरी वेगळ्या रीतीने खेळण्याच्या मोकळिकीस या निर्णयाने बळ मिळाले.

समतोलाचा प्रश्न :
बॉस खुला होताच न्याय्यतेचा प्रश्न उभा राहतो. संगणकाविरुद्ध एकट्याने खेळताना प्रबळ पात्र घेतल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. परंतु समोर दुसरा माणूस असेल, तर तीच शक्ती अन्यायकारक ठरते. अकुमा हवेतून तिरका अग्निगोळा फेकू शकतो आणि अनेक पात्रांजवळ त्यास पुरेसे उत्तर नाही. त्यामुळे स्पर्धांमध्ये तो वर्ज्य मानला गेला. यंत्राने जे दिले, ते खेळाडूंनी परस्परांतील संकेताने नाकारले. बायसन मात्र प्रबळ असूनही स्पर्धेत राहिला. प्रबळता व अजेयता यांतील सीमारेषा नियमपुस्तिकेने नव्हे, तर खेळाडूंच्या दीर्घ अनुभवाने ठरविली.

समारोप :
बॉसचा दरारा मुख्यतः त्याच्यावर आपले नियम लागू नसण्यात असतो. तो खेळाडूच्या हाती येतो तेव्हा त्यालाही आज्ञाक्रम, विलंब व चुका यांच्या मर्यादा स्वीकाराव्या लागतात. म्हणजेच तो ‘बॉस’ न उरता इतरांसारखा एक योद्धा होतो. जेथे तो या मर्यादांना पुरून उरतो, तेथे खेळाडूच त्यास बाजूला ठेवतात. निवडीचे स्वातंत्र्य व लढतीची समानता या दोन मूल्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी अशा वेळी निर्मात्याकडून खेळाडूकडे येते. जुन्या खेळांच्या अभ्यासात हा पैलू महत्त्वाचा आहे, असे म्हणता येईल.